न भेटलेल्या मैत्रिणीचं सुतक

सांगली जिल्ह्यातल्या ४३ वर्षांच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला आहे, दुसरी स्टेज, हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा). ऑपरेशन झालं, लाल औषधाच्या चार केमो झाल्या, आता दर आठवड्याच्या बारा केमो चालू आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा सहा जणींचा गट जमला आहे. सगळ्यांना हाच आजार, आणि एकमेकींना कुणी कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. महिन्यापूर्वी त्यातली नागपूरची एक गेली. ताई लिहितात, "मला रडू आवरत नाही. घरात सांगू कुणाला? हे म्हणतात, जिला कधी बघितली नाहीस तिच्यासाठी एवढं काय? रात्र रात्र फोन घेऊन बसते म्हणून त्यांना आधीपासूनच राग होता. सासूबाईंना वाटतं मी हाय खाल्ली. माझं काही चुकतंय का? त्या गटातून बाहेर पडू का?"

ताई, बाहेर पडू नका. तुमचं काही चुकलेलं नाही. तुमची मैत्रीण गेली आहे आणि तुम्ही रडताय, यात समजावून सांगावं असं काही नाही. पण तुमच्या पत्रात तीन-चार गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या एकेक करून सोडवू या. पुण्यात कर्करोगाच्या वॉर्डात वैद्यकीय समाजसेविका म्हणून मला बावीस वर्षं झाली. सुरुवातीला रुग्णांच्या हातात फोनच नसायचे. आता डे-केअरमध्ये दहा खाटा असतील तर आठ जणी सलाईन लागलेला हात उशीवर ठेवून दुसऱ्या हातानं कुणाला तरी काहीतरी लिहीत असतात. हा बदल मी डोळ्यांसमोर होताना पाहिला आहे. त्यातून झालेलं भलं पाहिलं आहे आणि नुकसानही.

आधी तो रात्रीच्या फोनचा मुद्दा मिटवते, कारण घरातलं भांडण तिथून सुरू झालंय. केमोच्या आधी सलाईनमधून किंवा गोळीनं डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात. उलटी होऊ नये, औषधाची रिअ‍ॅक्शन येऊ नये यासाठी ते असतं. त्यानं एक-दोन रात्री झोप पार उडते. अंग थकलेलं आणि डोळे टक्क उघडे, अशी अवस्था होते. तुम्ही लिहिलंय की केमोच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, मग हळूहळू लागतो. हे अगदी त्या औषधाच्या हिशेबानं चाललंय. म्हणजे फोनमुळे तुमची झोप गेली नाही. झोप गेल्यावर तुम्ही फोन हातात घेतलात. पुढच्या केमोच्या वेळी डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा. डोस कमी करता येईल का, केमोची वेळ सकाळची घेता येईल का, घरी गोळ्या दिल्या असतील तर त्या दुपारच्या आत घेऊ का, हे सगळं विचारण्यासारखं आहे. आणि यजमानांनाही हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या.

आता मुख्य गोष्ट. घरात एवढी माणसं असताना बाईला बाहेरच्या, कधी न पाहिलेल्या बाईशी बोलावंसं का वाटतं?

मी रोज एक दृश्य बघते. रिपोर्ट घेऊन नवरा-बायको माझ्या खोलीत येतात. ती म्हणते, "मी ठीक आहे, ह्यांनाच समजवा." थोड्या वेळानं ती रक्त तपासायला जाते. तो उठून दार लोटून घेतो आणि रडतो. मग ती येते, तो तोंड धुऊन बसलेला असतो. दोघंही एकमेकांना धीर देत असतात आणि त्या धीरापायी दोघंही एकमेकांशी खोटं बोलत असतात. यात प्रेमाची कमतरता कुठेच नसते. उलट प्रेम जितकं जास्त, तितकं बोलणं अवघड. तुम्हाला जर म्हणायचं असेल की "मला आज मरायची भीती वाटली", तर ते नवऱ्याला सांगितल्यावर पुढचा तासभर तुम्हालाच त्याला सावरावं लागतं. मुलीला तर सांगताच येत नाही. आणि भेटायला येणारी माणसं! "आमच्या चुलत सासूबाईंना पण हेच झालं होतं" असं म्हणून त्यांचं पुढं काय झालं ते ताटासमोर बसून सांगणारी. किंवा "पॉझिटिव्ह राहा, काही होत नाही" असं म्हणून तुमचं वाक्य अर्ध्यावर तोडणारी.

गटातल्या मैत्रिणीला ते वाक्य पूर्ण ऐकता येतं. तिला तुमचं मंगळसूत्र माहीत नाही, तुमच्या घराचं कर्ज माहीत नाही, तुम्ही गेलात तर तिच्या घरातली चूल बंद पडणार नाही. म्हणून ती घाबरत नाही. आणि तिला ते आधीच माहीत असतं. एक उदाहरण देते. तुम्हाला जे लाल औषध मिळालं, त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. आम्ही हे सांगतो, छापील कागदही देतो. पण पहिल्या दिवशी बाईच्या कानात काहीच शिरत नसतं. माझ्या एका रुग्ण बाई रात्री बाथरूममध्ये जाऊन किंचाळल्या होत्या, त्यांना वाटलं आतून रक्त जातंय. नंतर दुसऱ्या एक जणी आल्या, शांत. म्हणाल्या, "मला रत्नागिरीच्या ताईनं सांगून ठेवलं होतं. लाल होईल, घाबरू नकोस, पाणी भरपूर पी, आणि बर्फाचा तुकडा तोंडात ठेव म्हणजे छाले कमी येतात." आमचा कागद आणि रत्नागिरीच्या ताईचा निरोप, दोन्हींत माहिती तीच होती. फरक एवढाच की ताई त्या बाथरूममध्ये स्वतः उभी राहून आलेली होती.

हे इंटरनेटनं आणलेलं नवं खूळ नव्हे. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर या बाईंचं १९५२ साली स्तन काढण्याचं ऑपरेशन झालं. हात वर कधी करायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचं, यातलं काहीच त्यांना कुणी नीट सांगितलं नाही. मग त्या स्वतःच इतर बायकांच्या खाटेशी जाऊन बसू लागल्या. सुरुवातीला पुष्कळ सर्जन मंडळींना ते रुचलं नाही. पण 'रीच टू रिकव्हरी' या नावानं त्यांनी सुरू केलेलं ते काम पुढं अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं हाती घेतलं आणि जगभर पसरलं. ज्या वाटेनं आपण जाऊन आलो, त्या वाटेवरच्या दुसरीला भेटायचं, एवढंच त्याचं सूत्र. तुमच्या गटात तेच चाललंय, फक्त खाटेच्या जागी फोन आहे.

यजमानांना पटवायचं असेल तर मी मुंबईच्या लोकलचं उदाहरण देते. बायकांच्या डब्यात पंधरा-वीस वर्षं एकाच गाडीनं जाणाऱ्या मैत्रिणी असतात. एकमेकींच्या घरी कधी गेलेल्या नसतात, कित्येकींना आडनावं माहीत नसतात. पण एकीच्या डोहाळजेवणाला डब्यात हिरव्या बांगड्या भरल्या जातात, आणि एक जण चार दिवस दिसली नाही की डबाभर जीव टांगणीला लागतो. त्या मैत्रीला कुणी खोटी म्हणत नाही.

आता अशा आधारानं नेमकं होतं काय, तेही खरं तेवढंच सांगते, कारण या बाबतीत फार मोठमोठी आश्वासनं दिली जातात. स्टॅनफर्डचे मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ८६ बायका होत्या. त्यांतल्या काही जणी वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसून बोलत. त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९ महिने. जगभर खळबळ उडाली. मी शिकत होते तेव्हा आम्हाला हे आकडे पाठ होते. पण २००१ साली कॅनडातल्या पामेला गुडविन यांनी २३५ बायकांवर तोच प्रयोग केला, आणि आयुष्यात काही फरक दिसला नाही. पुढं २००७ साली स्पीगल यांनी स्वतः केलेल्या दुसऱ्या अभ्यासातही एकंदरीत आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. गुडविन यांच्या अभ्यासात दिसलं ते वेगळंच: गटात बोलणाऱ्या बायकांचं मन कमी खचलं, दुखणं त्यांना कमी जाणवलं, आणि ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांना याचा जास्त उपयोग झाला. हे गट समोरासमोर बसणारे होते, हे लक्षात असू द्या. पण माझ्या अनुभवाशी ते जुळतं. मैत्रिणींमुळे गाठ विरघळत नाही. रात्र सरते. केमो चालू असलेल्या बाईला रात्र सरण्याची किंमत काय असते हे तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत पिट्सबर्गच्या विकी हेल्गेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांबद्दल लिहिलं होतं. ज्यांना घरून किंवा डॉक्टरांकडून पुरेसा आधार नव्हता, त्यांना रुग्णांच्या गप्पांच्या गटाचा फायदा झाला. ज्यांना घरात भरपूर आधार होता, त्यांना मात्र अशा गटाचा थोडा त्रासच झाला. का झाला असावा, यावर मी बराच विचार केला आहे. माझं मत असं: इतर बायकांची दुःखं ऐकून कधी कधी आपलं घरही अपुरं वाटायला लागतं. "तिचा नवरा असा, माझा तसा" हे सुरू होतं. शिवाय मनातलं सगळं फोनवर ओतून झालं की घरच्यासाठी काही उरतच नाही. नवऱ्याला फक्त "जेवण झालं, गोळी घेतली" एवढंच मिळतं. तुमच्या पत्रात मला याची थोडी चाहूल लागली. म्हणून गट सोडू नका असं म्हणतानाच सांगते, घरचं दारही उघडं ठेवा. ते कसं, ते पुढं लिहिते.

त्याआधी दोन धोके. एक शरीराचा, एक पैशाचा.

शरीराचा आधी. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी खूप खाली जातात. तुमच्यासारखी दर आठवड्याची केमो असेल तर त्या अधूनमधून कधीही खाली असू शकतात. या काळात ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर ती इमर्जन्सी असते, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. थेट रुग्णालय गाठायचं. मी एका बाईंना ओळखते ज्यांनी संध्याकाळी सात वाजता गटात विचारलं, "१०१ ताप आहे, काय करू?" मैत्रिणींनी मायेनंच उत्तरं दिली. एकीनं सांगितलं पॅरासिटामॉल घे, एकीनं सांगितलं मलाही आला होता, दुसऱ्या दिवशी उतरला. त्या सकाळी आल्या तेव्हा रक्तदाब पार खाली गेला होता, आठ दिवस आयसीयूत होत्या. वाचल्या. मैत्रिणींनी वाईट काही केलं नव्हतं, त्यांना विचारायचा प्रश्नच तो नव्हता. ताप, दम लागणं, पायाला एकाच बाजूला सूज, छातीत दुखणं, सतत उलट्या-जुलाब, हे गटात लिहायचं नाही, रुग्णालयाच्या नंबरवर फोन करायचा. तो नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा. तुमच्या सासूबाईंनाही वाचता आला पाहिजे.

दुसरं, औषधांचे फॉरवर्ड. "लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पटीनं गुणकारी" हा मेसेज माझ्या प्रत्येक रुग्णाकडं एकदा तरी येऊन गेलेला असतो. माणसांवर असं काही सिद्ध झालेलं नाही. उलट वेस्ट इंडीजमधल्या ग्वादलूप बेटावर १९९९ साली डॉक्टरांच्या लक्षात आलं की नेहमीच्या औषधांना दाद न देणारा कंपवातासारखा आजार तिथं फार दिसतो, आणि त्या रुग्णांत हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नियमित घेणारे पुष्कळ आहेत. तुमच्या आताच्या केमोनं हातापायांना मुंग्या येतातच, म्हणजे नसांवर आधीच ताण आहे. त्यात ही भर कशाला? गुळवेलीचंही तसंच. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यावरून वादही झाला, आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला. पण केमो चालू असताना यकृताला आधीच दुप्पट काम असतं. काहीही घ्यायचं असलं तर आधी डॉक्टरांना डबी दाखवा. ते रागावतील म्हणून लपवू नका. मैत्रिणीला दुखवायचं नसेल तर "डॉक्टरांना विचारून सांगते" एवढं लिहा.

पैशाचं थोडक्यात. आजाराचं सोंग आणून लोकांची माया आणि पैसा मिळवणारी माणसं इंटरनेटवर असतात. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ मार्क फेल्डमन यांनी २००० साली मायेसाठी केलेल्या अशा सोंगाला 'मुन्चहाउझन बाय इंटरनेट' असं नावच दिलं. लगेच पुढच्या वर्षी एक प्रकरण गाजलं: रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणारी एकोणीस वर्षांची मुलगी इंटरनेटवर लिहीत होती, लोकांनी तिच्यावर जीव लावला, ती गेल्याचं जाहीर झालं तेव्हा शेकडो लोक रडले, आणि मग कळलं की अशी मुलगी कधी नव्हतीच. म्हणून कुणाला मदत करायची असेल तर व्यक्तीच्या खात्यात पैसे घालू नका. रुग्णालयाच्या अधिकृत खात्यात, त्या रुग्णाच्या केस नंबरवर भरा. खऱ्या रुग्णाला त्यात अडचण नसते. आणि स्वतःचे रिपोर्ट पाठवताना नाव, फाइल नंबर, आधार झाकून फोटो काढा. तुमच्या सहा जणींबद्दल मला शंका नाही. तुम्ही एकमेकींशी व्हिडिओवर बोलता, जखमेचे टाके सुकले की नाही ते दाखवता, असं लिहिलंय तुम्ही.

आता घरचं दार.

तुमचे यजमान चिडतात, त्यामागं मला बरंच काही ऐकू येतं. रात्री तीन वाजता त्यांना जाग येते, शेजारी फोनचा उजेड असतो, तुम्ही कुजबुजत असता आणि कधी कधी हसत असता. हसणं त्यांना जास्त लागत असेल. आपल्याशी ती हसत नाही, तिथं हसते. शिवाय त्यांना बोलायला कोण आहे? रुग्णाच्या बरोबरच्या माणसाला सगळे एकच विचारतात, "वहिनी कशा आहेत?" तुम्ही कसे आहात, हे कुणी विचारत नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी बायकोच्या सगळ्या केमो होईपर्यंत एकदाही कुणाला काही सांगितलं नाही, आणि शेवटच्या केमोच्या दिवशी पार्किंगमध्ये स्कूटरला किल्ली लावता येईना म्हणून तिथंच खाली बसून राहिले.

माझं सांगणं असं. गटातली तुमच्या सगळ्यात जवळची एक निवडा. ती अमेरिकेतली, न्यू जर्सीची वहिनी म्हणता ना, जिला आपल्या रात्री तीन वाजता तिकडं संध्याकाळ असते म्हणून ती हमखास सापडते, तीच चालेल. एखाद्या रविवारी सकाळी चहाच्या वेळी व्हिडिओ लावा आणि ह्यांना शेजारी बसवा. आजाराचं बोलू नका. त्यांना तिचं घर दिसू द्या, तिच्या मागचं देवघर, तिचा नवरा, बाहेरचा बर्फ असेल तर बर्फ. ज्या बाईला चेहरा नाही तिच्याबद्दल माणूस काहीही कल्पना करतो. चेहरा दिसला की ती 'न्यू जर्सीच्या वहिनी' होते. तिच्या नवऱ्यालाही बायकोच्या आजारपणात काय झालं ते सांगायला आवडेल, दोघं पुरुष बोलतील तर बोलू द्या. आणि दिवसातलं एक खरं वाक्य ह्यांच्यासाठी राखून ठेवा. फोनवर जायच्या आधीचं. "आज मुंग्या फार आल्या, शर्टाचं बटण लागेना" एवढंही पुरे. त्यांना काही उपाय करायला सांगू नका. बटण लावून द्या म्हणा.

आता तुमच्या मैत्रिणीकडं येते. खरा प्रश्न तोच होता, बाकीचं सगळं त्याच्या भोवतीचं.

आपल्याकडं माणूस गेलं की सगळं ठरलेलं असतं. सुतक असतं, चार दिवस चूल पेटत नाही, शेजारणी पिठलं-भात आणून देतात, लोक भेटायला येतात, दहावा-तेरावा असतो. ही व्यवस्था माणसाला सांगते की तुझं कुणीतरी गेलंय, तुला रडायचा हक्क आहे, आणि इतके दिवस तुझ्याकडून कुणी कसली अपेक्षा करणार नाही. तुमच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. सकाळी मेसेज आला, आणि अकरा वाजता तुम्हाला मुलीचा डबा भरायचा होता. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ साली अशा दुःखावर पुस्तकच लिहिलं. जे दुःख उघडपणे करता येत नाही, ज्याला चार माणसं मान देत नाहीत, ते जास्त दिवस टिकतं आणि आत कुजतं, असं त्यांचं म्हणणं. सुतक रक्ताच्या नात्याला आहे, मैत्रीला नाही. न पाहिलेल्या मैत्रीला तर नाहीच.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडं एक बाई येत. त्यांची जळगावकडची मैत्रीण अशीच फोनवरची. थंडीत भरताची वांगी पाठवते म्हणून तिनं कबूल केलं होतं. मग एक दिवस तिचे मेसेज थांबले. ह्या रोज रात्री लिहीत राहिल्या, "जेवलीस का?" मेसेजपुढं एकच करडी खूण, दुसरी उमटेना. बारा दिवस बारा वेळा 'जेवलीस का', सगळ्यांपुढं एकेक खूण. तेराव्या दिवशी त्या फोन घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि तो पडदा मला दाखवला. आम्हाला दोघींना कळत होतं. त्या मैत्रिणीचं आडनाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, कुणाला विचारणार? मी त्यांना म्हटलं, तिचे मेसेज मला वाचून दाखवा. त्यांनी तासभर वाचले. वाचता वाचता मध्येच हसल्या, कारण वांग्याला तेलाचा हात लावून काड्यांवर कसं भाजायचं यावरून दोघींचं कधीतरी जोरात भांडण झालं होतं. घरी जाऊन त्यांनी भरीत केलं, मुलांना वाढलं आणि सांगितलं, ही माझ्या मैत्रिणीची पद्धत. त्या दिवशी पहिल्यांदा घरात तिचं नाव घेतलं गेलं.

तुम्हीही गटातल्या चौघींना सांगून एक वेळ ठरवा. रात्री नऊला पाच जणी फोनवर बसा. तिचे आवाजातले निरोप असतील तर एखादा ऐका, प्रत्येकीनं तिची एक आठवण सांगा. मुलीला शेजारी बसवायचं असेल तर बसवा, चौदा वर्षांच्या मुलीला हे समजतं. त्या दिवशी तुमच्या घरचं जेवण तुम्ही करू नका. ह्यांना सांगा, "माझी मैत्रीण गेली, आज माझ्याच्यानं होणार नाही."

या रडण्याच्या मागं एक भीती असते, ती कुणी बोलत नाही. ती गेली, म्हणजे आता माझी पाळी. तुम्ही लिहिलेलं नाही, पण वाक्यांच्या मध्ये दिसलं मला. ताई, स्तनाचा कर्करोग हे एक नाव आहे, त्याखाली आजार अनेक आहेत. तुमच्या लिहिण्यावरून तुमच्या मैत्रिणीचा ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनवर न वाढणारा, होता आणि कळला तेव्हाच फुप्फुसात पोहोचला होता. तुमचा दुसऱ्या स्टेजचा, हार्मोनला प्रतिसाद देणारा. केमो संपल्यावर तुम्हाला पाच ते दहा वर्षं रोज गोळी घ्यायची असेल, ती गोळी तिच्या आजाराला लागूच नव्हती. तिचा रिपोर्ट तुमचं भविष्य सांगत नाही. हे मी सांगून भागणार नाही, पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, "माझ्या आजाराचं काय?" आणि वहीत लिहून घ्या. आणि तुम्ही वाचलात, ती गेली, याची टोचणीही लागेल. ती जवळजवळ सगळ्यांनाच लागते.

एक गोष्ट मात्र बघत राहा. रडू येणं वेगळं. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागेना, केमोच्या रात्री सोडूनही झोप येईना, खावंसं वाटेना, केमोला जाऊच नये असं वाटायला लागलं, किंवा संपवून टाकावं असा विचार आला, तर ते गटाच्या आवाक्यातलं काम नाही. रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात, त्यांना भेटा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. उदासीसाठी गोळी घ्यायची वेळ आली तर घ्या, पण हार्मोनची गोळी चालू असेल तर ते त्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण उदासीवरच्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेन या हार्मोनच्या गोळीचं काम कमी करतात.

आणि गटातल्या सगळ्यांनी आत्ताच एक काम करून ठेवा. प्रत्येकीनं आपल्या घरातल्या एका माणसाचा नंबर गटातल्या एकीला द्यायचा, आणि त्या माणसालाही सांगून ठेवायचं: मला काही झालं, आयसीयूत असले तरी, हिला कळवायचं. तुम्हाला नागपूरची बातमी तिच्या मुलानं दिली, तुम्ही नशीबवान. पुष्कळ जणींना ती एकच करडी खूण दिसत राहते.

त्या मुलाचा नंबर तुमच्याकडं आहे. त्याला लिहा. तो एकवीस वर्षांचा आहे म्हणता. आई रात्री कुणाशी बोलायची, काय बोलायची, त्याला बहुधा काही ठाऊक नसेल. तुमच्या पहिल्या केमोच्या रात्री ती पहाटे साडेचारपर्यंत जागी राहिली होती, दुसऱ्या दिवशी तिचं स्वतःचं स्कॅन असताना, हे त्याला कळायला हवं. मोठं काही लिहू नका. ती काय म्हणाली, कशावरून हसली, त्याच्याबद्दल काय सांगायची, तेवढं लिहा. आणि तुमच्याकडं तिच्या आवाजातले निरोप असतील तर त्याला विचारा, हवे आहेत का.